बाळाने काय केले होते?

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेआधी तासभर मुलांचा वर्ग भरतो आणि गेली सहा वर्षे तो माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात धड्याला दावीद राजाची गोष्ट होती. मुलांच्या पुस्तकात ती सांभाळून सांगितलेली असते: राजाच्या हातून मोठे पाप घडले, नाथान संदेष्ट्याने त्याला ते दाखवून दिले, राजाला पश्चात्ताप झाला आणि परमेश्वराने त्याला क्षमा केली. तेवढे सांगून मी थांबणार होते. पण दहा वर्षांच्या एका मुलीने पवित्र शास्त्र उघडून पुढच्या ओव्या, ज्यांत दाविदाचे तान्हे बाळ मरते, आधीच वाचून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "बाई, क्षमा केली म्हणता, मग बाळ का मेलं? बाळानं काय केलं होतं?" तिच्या शेजारच्या मुलाला त्याच आठवड्यात दहा आज्ञा पाठ करायला दिल्या होत्या. त्याने लगेच जोड दिली, "आणि खून करू नको, असं तर देवानंच सांगितलंय."

"पुढच्या रविवारी बोलू," असे मी म्हणाले आणि उपासनेची घंटा झाली म्हणून त्या दिवशी सुटले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना, कारण तो मला नवा नव्हता. आमच्या घरात तो माझ्या जन्माच्याही आधीपासून होता, आणि त्याविषयी मी आजवर एक अक्षर लिहिले नव्हते.

आज्ञेपासूनच आरंभ करते. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील ही "खून करू नको" आज्ञा मूळ हिब्रूत अवघ्या दोन शब्दांची आहे, "लो तिर्त्साख". तिच्यातील "रात्साख" हे क्रियापद युद्धातील मारण्यासाठी, जनावर कापण्यासाठी किंवा देवाने कोणाचा प्राण घेतला असे सांगण्यासाठी येत नाही; तेथे दुसरी क्रियापदे येतात. म्हणून आपल्या भाषांतरकारांनी "मारू नको" न लिहिता "खून करू नको" असे लिहिले, ते योग्यच केले. मराठीला हा भेद चांगला परिचयाचा आहे. आपण अफजलखानाचा वध म्हणतो, कंसाचा वध म्हणतो, खून कधी म्हणत नाही; आणि "वध" हा शब्द उच्चारला की मारणाऱ्याची बाजू न्यायाची होती, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय "खून" या फारसी शब्दाचा मूळ अर्थच रक्त असा आहे. भावाने मारलेल्या हाबेलाचे रक्त भूमीतून परमेश्वराकडे ओरडत आहे, असे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात वाचताना मला हा शब्द नेहमी आठवतो.

या शब्दभेदावर सगळा भार टाकून अनेक उपदेशक प्रश्न मिटवतात: आज्ञा खुनाविरुद्ध आहे, देव करतो तो न्याय आहे, तेव्हा विरोध उरतोच कोठे? मला हे उत्तर पुरत नाही, आणि त्याचे कारण त्याच ग्रंथात आहे. गणनाच्या पस्तिसाव्या अध्यायात, चुकून मनुष्यवध झालेल्या माणसाने पळून जाऊन राहावे म्हणून सहा आश्रयनगरे नेमून दिली आहेत, आणि त्या निर्दोष माणसालाही तेच क्रियापद लावलेले आहे. इतकेच नव्हे, तर साक्षीदारांच्या साक्षीवरून खुन्याला देहदंड द्यावा असे सांगतानाही तिसाव्या ओवीत "रात्साख"च आलेले आहे. म्हणजे न्यायाने घेतलेल्या प्राणालाही हिब्रू भाषा वेगळे, स्वच्छ नाव द्यायला नेहमी तयार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तिला तेथेही रक्त दिसते.

ज्या सीनाय पर्वतावर ही आज्ञा मिळाली त्या पर्वताच्या पायथ्याशी काय घडले, हे आम्ही मुलांना अर्धेच सांगतो. लोकांनी पूजलेले सोन्याचे वासरू, त्यांचा पुढारी मोशे याचा संताप आणि त्याने फोडलेल्या आज्ञांच्या पाट्या हे सगळे सांगतो. पण त्यानंतर मोशेच्या शब्दावरून लेवी वंशाच्या लोकांनी तलवारी कमरेला बांधून छावणीतून फिरत आपल्याच भावांना, मित्रांना आणि शेजाऱ्यांना मारले, आणि त्या दिवशी सुमारे ३,००० माणसे पडली, हे सांगत नाही. पाट्यांचे तुकडे अजून तेथेच पडलेले असतील आणि त्यांतल्या एका तुकड्यावर "लो तिर्त्साख" ही अक्षरे असतील, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

निर्गमाचा हा बत्तिसावा अध्याय या आठवड्यात मी चार वेळा वाचला. वासरू पाहून परमेश्वर लोकांचा नाश करायला निघतो, मोशे मध्ये पडतो, आणि चौदाव्या ओवीत परमेश्वर त्या अनिष्टाविषयीचा आपला विचार बदलतो. म्हणजे देवाचा राग तेथे आवरला गेलेला आहे. पुढे सत्ताविसाव्या ओवीत "इस्राएलाचा देव परमेश्वर असे म्हणतो" असे सांगून मोशे तलवारीची आज्ञा देतो. पण परमेश्वराने त्याला तशी आज्ञा दिल्याचे या अध्यायात त्याआधी कोठेही लिहिलेले नाही. लिहिणाऱ्याने ते गृहीत धरले असेल, असे म्हणता येईल. परंतु दुसऱ्याच दिवशी हाच मोशे पुन्हा वर जाऊन म्हणतो, यांच्या पापाची क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझे नाव पुसून टाक. आदल्या दिवशी देवाच्या नावाने मारायला सांगणारा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी स्वतः पुसले जायला तयार होणारा माणूस एकच आहे. अखेरीस चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेसमोरून जाताना आपले नाव स्वतःच उच्चारतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, अन्यायाची, अपराधाची आणि पापाची क्षमा करणारा, आणि त्याच श्वासात, दोषीला निर्दोष न ठरवणारा, वडिलांच्या अन्यायाबद्दल पुत्रांचा आणि नातवांचा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत समाचार घेणारा. ही दोन्ही विधाने एकाच वाक्यात आहेत, आणि त्यांतले एक गाळून दुसरे वाचण्याची मुभा वाचकाला दिलेली नाही.

दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्कियोन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने तीच मुभा घेतली. शिक्षा करणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे म्हणून त्याने संपूर्ण जुना करार बाजूला ठेवला आणि सन १४४ च्या सुमारास तेथील मंडळीने त्याला बाहेर काढले. त्याची व्यथा मला कळते. त्याचा मार्ग मात्र पटत नाही, कारण त्याने हाबेलाच्या रक्ताचा जाब विचारणारा देवही त्याबरोबर टाकून दिला.

मंडळीत या प्रश्नाला जे उत्तर सर्वांत अधिक ऐकू येते ते मालकीचे: प्राण देवाने दिला, तो घेण्याचा अधिकारही त्याचा, म्हणून आज्ञा माणसाला लागू आहे, देणाऱ्याला नाही. "मी मारतो आणि मी जिवंत करतो" हे अनुवाद नावाच्या पुस्तकातील वचन त्यासाठी पुढे केले जाते, आणि ईयोबाचे "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे तर प्रत्येक अंत्यविधीत कानी पडते. या उत्तरात तथ्य आहे. आज्ञेचा पायाच तो आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे म्हणून त्याचे रक्त सांडू नये, असे नोहाला सांगितलेले आहे, आणि जे माझे नाही ते मी हिरावून घेऊ नये, एवढी गोष्ट कोणालाही समजते. पण पापी सदोम नगरासाठी रदबदली करताना अब्राहामाने देवाच्या मालकीची भाषा केली नाही. "सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?" असे त्याने विचारले. मालकाला आपल्या वस्तूचे काहीही करता येते, न्यायाधीशाला तसे करता येत नाही. आणि "तुला विचारण्याचा अधिकार नाही" असे काही देवाने त्याला म्हटले नाही. प्रत्येक वेळी उत्तर दिले.

आता दाविदाकडे येते, कारण मुलीचा प्रश्न तेथला आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायातील खून हा थंड डोक्याने केलेला खून आहे. उरीया हा हित्ती, म्हणजे परक्या वंशाचा, पण दाविदाच्या निवडक सदतीस वीरांपैकी एक होता. त्याची बायको बथशेबा राजापासून गरोदर राहिल्यावर राजा त्याला राब्बा नगराच्या वेढ्यावरून बोलावून घेतो आणि घरी जायला सांगतो. देवाच्या कराराचा कोश आणि सैन्य तंबूत असताना मी घरी जाऊन सुखाने कसा झोपू, असे म्हणून उरीया राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर पथारी टाकतो. दुसऱ्या रात्री राजा त्याला दारू पाजून पाहतो, तरी तो जात नाही. मग दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो, की याला लढाईच्या तोंडी ठेवून मागे हटा. आणि ते पत्र पोहोचवायला उरीयाच्याच हाती देतो. माझ्या मते संपूर्ण शास्त्रात याहून निर्दय अशी फार थोडी वाक्ये आहेत. मृत्यूची बातमी आल्यावर राजा यवाबाला निरोप धाडतो, वाईट वाटून घेऊ नको, तलवार आज याला तर उद्या त्याला खाते.

नियमशास्त्राप्रमाणे याला शिक्षा एकच होती, आणि खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये असेही त्या नियमशास्त्रात स्पष्ट म्हटले आहे. नाथानाने सांगितलेली, श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट ऐकून दाविदाने स्वतःच निकाल दिला होता, की असा माणूस मरणास पात्र आहे आणि त्याने चौपट भरून द्यावे. "तो माणूस तूच" हे ऐकून तो म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. आणि उत्तर येते, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. त्याला झालेली क्षमा हीच. ती खरी आहे, कारण तिने देहदंड थांबवला. पण उरीयाचे काय? एकावन्नावे स्तोत्र परंपरेने या प्रसंगाचे मानले जाते, आणि त्यातील "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे" ही ओवी मला लहानपणापासून खटकत आली आहे. पत्र उरीयाच्या हाती दिले होते.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत. घरांची दारे लावून, उपास करून तो दिवस पाळला जाई. त्या दिवसाविषयी मिश्नेत, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात, एक नियम आहे, तो मला या ठिकाणी फार मोलाचा वाटतो. देवाविरुद्धच्या अपराधांचे प्रायश्चित्त त्या दिवसाने होते. माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाचे मात्र, जोवर अपराधी त्या माणसाची समजूत घालत नाही तोवर होत नाही. मग ज्याची समजूत घालायची तो माणूसच मारला गेला असेल तर? खुनाला बाकीच्या पापांहून वेगळे करणारी गोष्ट हीच आहे. क्षमा करू शकणारा माणूसच खुनी उचलून नेतो. म्हणून खुनाच्या बाबतीत क्षमा आणि शिक्षा एकत्र चालतात यात मला विसंगती दिसत नाही. दाविदाला केवळ क्षमा होऊन सगळे पूर्ववत झाले असते, तर ती उरीयाच्या प्रेतावर घातलेली चादर ठरली असती. क्षमेने दाविदाचे देवाशी असलेले नाते तुटू दिले नाही, आणि शिक्षेने उरीयाला विसरू दिले नाही. पुढे मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना बथशेबाचे नावही घेतलेले नाही. "उरीयाच्या बायकोपासून" दाविदाला शलमोन झाला, असे लिहून त्याने मारल्या गेलेल्या परक्याचे नाव नव्या कराराच्या पहिल्याच पानावर आणून ठेवले आहे.

शिक्षेचा मोठा भागही मला समजतो. तुझ्या घराण्यापासून तलवार दूर होणार नाही, असे नाथान सांगतो, आणि पुढच्या अध्यायांत बाप जसा वागला तसेच मुलगे वागतात. अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बळजबरी करतो, अबशालोम डाव रचून अम्नोनाला मारवतो, आणि अबशालोमाला मारणारा यवाब तोच, ज्याने उरीयाचे पत्र वाचले होते. येथे आकाशातून वीज पडत नाही. केलेले कर्म घरात शिरते आणि वाढत जाते. हे कोणत्याही मराठी घराला समजावून सांगावे लागू नये.

बाळाचे तसे नाही. बाराव्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत, परमेश्वराने त्या मुलावर आघात केला, असे उघड शब्दांत लिहिले आहे. दावीद सात दिवस जमिनीवर पडून राहतो, उपास करतो, आणि सातव्या दिवशी मूल मरते. शास्त्रात त्याला नाव नाही.

आमच्या घरातील शास्त्राच्या कोऱ्या पानावर आजीने मुलांचे जन्म नोंदवले आहेत. माझ्या वडिलांचे नाव दुसऱ्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत १९५८ सालची एक तारीख आहे आणि तिच्यापुढे काहीच नाही, कारण ते मूल नवव्या दिवशी गेले आणि बारसे बाराव्या दिवशी व्हायचे होते. सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेल्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या माणसाने आजीला सांगितले, की देव विनाकारण शिक्षा करत नाही, आपापले मन तपासून पाहा, आणि आधाराला हाच बारावा अध्याय वाचला. आजी त्यानंतर बावन्न वर्षे जगली, रविवार एकही चुकवला नाही, पण तो अध्याय उपासनेत वाचला जाऊ लागला की ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसे.

तिच्या शास्त्रात पेन्सिलीच्या खुणा दोनच आहेत. एक याच अध्यायात, दाविदाच्या "मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही" या शब्दांखाली. दुसरी लूकाच्या तेराव्या अध्यायात. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे विचारून येशू स्वतःच उत्तर देतो, नाही. आजीने एवढ्या एकाच शब्दाखाली रेघ ओढली आहे, आणि ती इतक्या जोराने, की मागच्या पानावर वळ उठला आहे. येशूचे वाक्य तेथे संपत नाही, पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल असे पुढे आहे, हे मला ठाऊक आहे. तरी त्या "नाही"चा अर्थ बदलत नाही. मेलेल्यावरून त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप मोजू नये, हे तेथे निःसंदिग्ध आहे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले तेव्हाही त्याने तेच सांगितले.

माझे मत मी येथे स्पष्टच मांडते. शमुवेलातील बाळाचा मृत्यू, आणि त्याआधी अमालेकी या शत्रू जमातीच्या तान्ह्या लेकरांना मारण्याची आज्ञा, या दोन्हींचे समर्थन मला करता येत नाही आणि कोणी केलेले ऐकवत नाही. त्यासाठी मला शास्त्राबाहेर जावे लागत नाही. वडिलांच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही, असे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात परमेश्वर शपथेवर सांगतो, आणि दुर्जनाच्या मरणात मला आनंद वाटतो काय, असे विचारतो. सीनायवर ऐकलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या शब्दांना तेथे उत्तर दिलेले आहे. निनवे नगराचा नाश टळल्यावर योना संदेष्टा रागावतो तो "मंदक्रोध" हेच सीनायचे वचन आठवून, की तू असा क्षमाशील आहेस हे मला आधीच ठाऊक होते म्हणून. आणि देव त्याला उजवे-डावे न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची, शिवाय गुराढोरांची आठवण देतो. तांबड्या समुद्रात मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा माझ्या हातांची कृती समुद्रात बुडते आहे आणि तुम्ही गाता, असे म्हणून देवाने त्यांना थांबवले, ही तालमूद या यहुदी ग्रंथातील कथाही त्याच वाटेवरची आहे. शिक्षा करणाऱ्या देवाला ती करताना दुःख होते, ही समजूत या ग्रंथाच्या आतूनच हळूहळू वाढत गेलेली आहे.

त्या वाढीबरोबर माणसाच्या हातातील तलवारही आखूड होत गेली. देहदंडाला एक साक्षीदार पुरत नाही, ही अट मोशेच्या काळचीच. सात वर्षांत एका माणसाला देहदंड देणाऱ्या न्यायसभेला मिश्ना घातकी म्हणते. सत्तर वर्षांत एकाला दिला तरीही तसेच, असे रब्बी एलाजार म्हणतात, आणि आम्ही त्या सभेत असतो तर कोणीच मारला गेला नसता, असे रब्बी अकीवा व तार्फोन म्हणतात. अशाने खुनी वाढतील, हा रब्बी शिमोनांचा आक्षेपही त्याच ठिकाणी नोंदवलेला आहे, आणि तो हलका नाही. कॅथलिक चर्चने देहदंड अमान्य ठरवणारा बदल आपल्या धर्मशिक्षणात २०१८ साली केला. सूड घेणे माझ्याकडे आहे, असे देव म्हणतो तेव्हा ते आपल्या हातातून काढून घेतलेले असते. हाबेलाला मारणारा पहिला खुनी काइन यालाही देवाने खूण केली ती त्याला कोणी मारू नये म्हणून. उलट "देवाने सांगितले" असे म्हणून ज्यांनी तलवार उचलली, किंवा आजीसारख्या बाईला शब्दांनी मारले, त्यांना देवाचा न्याय कळला होता असे मी मानत नाही.

पुढच्या रविवारी मी वर्गात त्या मुलीला सांगितले, की बाळाने काहीही केले नव्हते. दाविदालाही ते माहीत होते, म्हणूनच तो सात दिवस जमिनीवर पडून विनवत होता. आणि मग ते का मेले, हे मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "मग देवालाच विचारायचं का?" अब्राहामाने विचारले होते, असे मी म्हणाले आणि उत्पत्तीचा अठरावा अध्याय आम्ही मिळून वाचला. पन्नास नीतिमानांपासून तो एकेक पायरी उतरत जातो, तसतशी मुले बोटे मोडून मोजत होती: पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. तेथे अध्याय संपला. दहा आज्ञा पाठ करणाऱ्या मुलाचा हात अजून वरच होता, आणि त्याने विचारले, "बाई, तो दहावरच का थांबला?"